सहाव्या ड्रोनची वाट

शेकोटीत अजून दोन पऱ्हाट्या टाका रे. आज काही लाइट लवकर यायची नाही.

भुताची सांगा म्हणताय, पण मी जन्म एस.टी.त काढला, रात्रीच्या गाड्या चालवल्या, मला स्वतःला कधी काही दिसलं नाही. खोटं कशाला सांगू? ही गोष्ट आपल्या भटू मास्तरांच्या संघमित्राची आहे. पोलिसात आहे ती, तुम्ही सगळे ओळखता. त्या घरात भूत, भगत, उतारा असलं कोणी मानत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर मला तिचं खरं वाटतं. मानणाऱ्यानं सांगितलं असतं तर एका कानानं ऐकून सोडून दिलं असतं.

तिच्या ठाण्याचं नाव मी घेत नाही. गावाचंही नाही. गिरणेकाठचं आहे, पाचोऱ्याकडचं, एवढं पुरे. नाहीतर तुमच्यातल्याच कोणाची तरी तिकडे सोयरीक निघायची.

तर संघमित्रा ड्रोन उडवते. मिरवणूक असो, पूर असो, कोणी हरवलेलं असो, तिला बोलावणं येतं. त्यांच्याकडे सहा ड्रोनं होती, सगळी जुनी. मध्यंतरी वरून हुकूम आला की यांच्यात परदेशी भाग आहेत, ही वापरायची नाहीत. जमा करा आणि बदल्यात देशी बनावटीची नवी घ्या. ऐकायला सोपं वाटतं. आपण जुना फ्रिज देऊन नवा आणतो, तसंच. पण अट अशी की सहाही एकदम जमा करायची आणि सहाही चालू पाहिजेत. चालू म्हणजे काय, तर तपासणीवाल्यासमोर उडवायचं, 'परत' असं एक बटण असतं ते दाबायचं, आणि ड्रोननं आपलं आपण येऊन जिथून उडालं त्याच चौकोनात उतरायचं. एक नापास झालं तर सगळी नापास.

तपासायला किरण नावाचा एक तरुण यायचा. पोरगा वाईट नव्हता, पण हातातल्या टॅबच्या पलीकडे त्याला जग नव्हतं. पहिल्यांदा आला तर म्हणे फोटो अंधारे आलेत, परत चढवा. दुसऱ्यांदा आला तर अर्ध्यात पोर्टल बंद पडलं. हेल्पलाइनला फोन लावला तर तिकडून बाई म्हणायची, थांबा. हिनं किती थांबायचं? तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं. पाच ड्रोनं चौकोनात उतरली. सहाव्याचं बटण दाबलं, तर ते वळलं आणि नाकासमोर भलतीकडेच निघालं.

"मॅडम, हे कुठं चाललं?" किरण म्हणाला.

संघमित्रानं ते हातानं, म्हणजे रिमोटच्या दांड्यांनी, ओढून परत आणलं. पुन्हा उडवलं, बटण दाबलं. पुन्हा त्याच दिशेला.

"हातानं उतरवलेलं सिस्टीम घेत नाही, मॅडम."

"अहो, उडतंय, कॅमेरा चालतोय, भोंगा चालतोय. शेवटी तुम्ही हे नेऊन भंगारातच टाकणार ना?"

"हो मॅडम. पण चालू स्थितीत."



त्याच आठवड्यात एका मळ्यात बिबट्या शिरल्याचा फोन आला. जुनी उडवायची नाहीत आणि नवी आलेली नाहीत. ही बाई कुलूपबंद कपाटासमोर बसून राहिली आणि तिकडे लोक रात्रभर डबे वाजवत मळ्याभोवती उभे. सकाळी दोघांना टाके पडले. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही, असं भटू मास्तर सांगत होते.

जळगावहून माणूस बोलावून तिनं ते सहावं ड्रोन उघडून पाहिलं. त्याच्यात काही बिघाड नव्हता. नकाशावर परतीची जागा बरोबर तिच्या पायाखाली दाखवत होतं. दाखवायचं एक आणि जायचं दुसरीकडे! साहेब म्हणाले, "शनिवार शेवटची तारीख. ती चुकली की पुढच्या वर्षी. काहीही करा."

मग तिनं ठरवलं, ह्याला जायचंय तिथं जाऊ द्यायचं. सुटलेल्या बैलाच्या मागं जातो ना आपण, तसं.

यंदाच्या संक्रांतीनंतरची ती रात्र. कर होती त्या दिवशी, संक्रांतीचा दुसरा दिवस, लोक अशुभ मानतात तो. गुरुवार. दिवसभर मांजाच्या बंदोबस्तात गेला म्हणून रात्रच हाती होती. बोलेरोवर जीवराम ड्रायव्हर. त्यानं एकदा म्हणून पाहिलं, "मॅडम, आज कर आहे. उद्या जाऊ."

"पोर्टलला कर कळत नाही, जीवरामभाऊ. गाडी काढा."

गावाबाहेर आल्यावर तिनं ड्रोन उडवलं, बटण दाबलं, कुठं वळतं ते पाहिलं, परत ओढून घेतलं. त्या दिशेला गाडी पुढं नेली. पुन्हा उडवलं. कापूस उपटलेली वावरं गेली, केळीचे बाग गेले, डांबरी रस्ता संपला. जीवराम थंडीनं कुडकुडत होता आणि ही रागानं. तिच्या मनात तेव्हा भीती नव्हती, मला तिनं तसं नीट सांगितलंय. नुसता संताप होता. एवढं शिकायचं, एवढं राबायचं आणि एका यंत्रामागं रात्री रानोमाळ फिरायचं.

बैलगाडीची वाट उतरून बोलेरो नदीच्या काठाला लागली. पुढं वाट नव्हती. गिरणेचा कोरडा पट्टा, मधे पाण्याची बारीक धार आणि धारेपलीकडे वाळूचं एक बेट. तिनं बटण दाबलं. ड्रोन सरळ गेलं, बेटावर पोचलं... आणि थांबलं.

उतरलं नाही. नुसतं तरंगत राहिलं.

तिनं त्याचा दिवा लावला आणि हातातल्या पडद्यावर पाहिलं. उजेडाचं एक गोल रिंगण, त्यात वाळू, दुसरं काही नाही.

तेवढ्यात शेताकडून बॅटरीचा उजेड आला. एक म्हातारी, डोक्याला मफलर, खांद्यावर फावडं. थ्री फेजची लाइट रात्रीची असते, तेव्हा गव्हाला पाणी भरत होती बिचारी.

"कोन शे?"

"पोलीस, अक्का. मशीन तपासतोय."

म्हातारीनं वर मान केली. ड्रोनची घरघर ऐकत राहिली. मग म्हणाली, "हाऊ तोच आवाज शे."

"कुठला आवाज?"

"त्या पूरना सालना. तो तठेच उभा शे, ताई."

"कोण?"

"मना मालक."

आणि संघमित्राला जागा कळली. अंधारात, कोरड्या नदीत तिनं ती ओळखली नव्हती. दोन पावसाळ्यांपूर्वी हे सगळं पाणी होतं. धरणातून पाणी सोडलं तेव्हा झुलाल नावाचा एक शेतकरी आपली मोटर काढायला गेला आणि या बेटावर अडकला. संघमित्रानं हेच ड्रोन त्याच्यावर नेलं होतं. वर हात करून तो ओरडत होता. काठाकडे पोहत यावं की काय, म्हणून एकदा पाण्यात उतरलासुद्धा. तेव्हा हिनं भोंग्यातून सांगितलं, 'पोलीस बोलतेय. जागेवर थांबा. हलू नका. बोट निघाली आहे.' तो मागं फिरला. उभा राहिला. बॅटरी संपत आली म्हणून ड्रोन परत आणावं लागलं. दुसरी बॅटरी घालून पुन्हा नेलं, तेव्हा तिथं बेटच नव्हतं.

बोट उशिरा आली. झुलाल सापडला नाही, त्याचा देहही सापडला नाही.

ही त्याची बायको, पार्वताबाई.

"दिसत नही," म्हातारी म्हणाली. "पन शे. मी रोज हाका मारस, तो हालत नही. पोलिसनं ऐकस तो. तुमीनच सांगेल व्हतं ना, हालू नको म्हनीसन."

ती रागावली असती, रडली असती तरी चाललं असतं, असं संघमित्रा सांगते. पण ती पत्ता सांगावा तसं सांगत होती.

"आते तुमीनच सांगा त्याले."

संघमित्रानं पडद्याकडे पाहिलं.

रिंगणात वाळू होती. आणि वाळूवर सावली होती.

माणूस नव्हता. नुसती सावली... उभी. एक हात वर.

जीवरामनंही पाहिली. त्याचा श्वास तिला ऐकू आला. वारा नव्हता. झाड नव्हतं. दिवा हलत नव्हता.

हात हलला. इकडून तिकडे. सावकाश.

बॅटरीची खूण लाल झाली. यंत्र टुंक टुंक वाजायला लागलं. त्या दिवशीसारखंच.

तिनं भोंग्याचं बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"पोलीस बोलतेय..."

सावलीचा हात थांबला.

"झुलालभाऊ... बोट वेळेवर आली नाही. आता थांबू नका. पाणी ओसरलंय. निघा तुम्ही... या."

आवाज नदीभर फिरून आला. मग शांत.

सावलीनं हात खाली घेतला.

आणि रिंगणातून बाहेर गेली.

त्याच क्षणी ड्रोन वळलं. कोणी बटण दाबलं नव्हतं. आलं आणि संघमित्राच्या पायाशी अलगद उतरलं. पाती थांबली. आता कसलाच आवाज नाही.

जीवराम पुटपुटला, "मॅडम... तुम्ही 'या' म्हणालात."

आपण निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाही ना रे. तोंडात बसलेलं असतं. 'या' म्हणतो.

धारेत पाणी वाजलं. चुबुक...

मग ओल्या वाळूत. चर्र... चर्र...

पार्वताबाईनं बॅटरी विझवली. का, ते तिलाच ठाऊक.

चर्र... चर्र...

जवळ. अगदी जवळ.

मग थांबलं.

बोलेरोचा मागचा भाग खाली बसला. थोडासाच. मागच्या सीटवर कोणी बसल्यावर बसतो, तेवढा.



शेवटी पार्वताबाईच म्हणाली, "टाकीजोडेनं घर शे. त्याले घरलगून सोडी द्या. मी पानी बंद करीसन येस."

संघमित्रा पुढं बसली. ड्रोन मांडीवर. दोघांनीही आरशात पाहिलं नाही. जीवराम एवढा गाडी मारणारा माणूस, पण बैलगाडीच्या चालीनं चालवत होता. खड्डा आला की सांभाळून. मागून गारवा येत होता... मानेवर... ओला.

गावात सगळं निजलेलं. टाकीजवळचं घर सापडलं. दाराला बाहेरून कुलूप.

गाडी थांबली. कोणी उतरेना. मग संघमित्रा उतरली. तिनं मागचं दार उघडलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

गाडी हलली. वर उचलली गेली.

तिनं दार लावलं.

शनिवारी किरण आला. सहावं ड्रोन उडालं, बटण दाबलं, चौकोनाच्या बरोबर मधोमध उतरलं. "झालं की मॅडम, उगाच टेन्शन घेत होता," तो म्हणाला. टॅबवर चक्र फिरत राहिलं, 'कृपया थांबा.' संघमित्रानं तोंड दाबून धरलं, नाहीतर काय बोलली असती कोणास ठाऊक. अखेर घेतलं सिस्टीमनं. जुनी सहाही टेम्पोत घालून गेली. नवी अजून आलेली नाहीत. पोर्टलवर रोज बघते, रोज एकच शब्द, 'प्रतीक्षेत'. उद्या कोणी नदीत अडकलं तर तिच्याकडे उडवायला काहीही नाही. भुताची गोष्ट सांगताना तिचा आवाज स्थिर होता, पण हे सांगताना तिनं फोन काढून पुन्हा ते पोर्टल उघडलं.

राहिली पार्वताबाई. ती पहाटे घरी आली. कुलूप जसंच्या तसं होतं. उघडून आत गेली तर काही हललेलं नव्हतं. फक्त खाटेवरची गोधडी चिंब भिजलेली होती, माणूस पाय पसरून निजतो तेवढ्या लांबीत. तिनं ती उचलून अंगणात दोरीवर टाकली.

परवा संघमित्रा तिकडे गेली होती. गोधडी दोरीवरच, अजून ओलीच. तिनं आणि जीवरामनं दोन टोकं धरून पिळली, स्वतःच्या हातानं, पार थेंब निघेनासा होईपर्यंत. कडक उन्हात टाकली. संध्याकाळी परत जाऊन पाहिलं.

खाली थेंब पडत होते.

आत्ता गिरणेला पाणी कसं असतं, तुम्ही बघताच. तळाचे गोटे दिसतात.

गोधडीतून पडतं ते पाणी गढूळ आहे... लाल... पुराचं.