निळी ज्योत विझेपर्यंत

"वहिनी, लिंपण झालं की सामान बांधून ठेव. संत दुमित्रूच्या दिवशी तुला माहेरी सोडून येतो."

तोदेर हे म्हणाला तेव्हा सावेताचं अर्धं अंग चुलीच्या पोटात होतं. छतापर्यंत चढलेल्या त्या मातीच्या चुलीच्या विटा काढून आतल्या वळणावळणाच्या धुराड्यातली काजळी ती हंसाच्या पंखानं झाडत होती. धाकट्या दिराचे ते शब्द कानांवर पडले आणि हातातला पंख हातातच थिजला... संत दुमित्रूचा दिवस म्हणजे गड्यांचे करार संपायचा दिवस, मेंढपाळांनी घरी परतायचा दिवस, घराघरात थंडीची पहिली चूल पेटायचा दिवस. त्याच दिवशी तिला निरोप मिळणार होता, एखाद्या गड्याला मिळावा तसा.

"चूल तेवढी नीट लिंपा हं जाऊबाई," तोदेरची बायको लिव्हिया पोरीला कडेवर घेऊन दारातूनच म्हणाली. "त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण झडपेजवळ गेलात तर माझ्यासारखी वाईट नाही. माझी इरिना एकदा वाचली, दरवेळी वाचेलच असं नाही."

घोड्याची लीद आणि भुसा घालून मळलेला गारा सावेता भेगांत बोटांनी दाबत राहिली, आणि काजळीनं माखलेल्या गालांवरून आसवं ओघळत राहिली. चूल झाडताना डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

काय सांगणार होती ती? कुणाला सांगणार होती?

गेल्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ तिच्या काळजात अजून सलत होती. निखाऱ्यांवरच्या निळ्या ज्योती पुरत्या विझल्या की धुराड्याची झडप लावायची, म्हणजे ऊब घरातच राहते. पण निळं असताना लावली तर विष खोलीत उतरतं, आणि त्याला ना धूर असतो ना वास. झडप लावायचा मान घरधन्याचा. तिच्या सासऱ्यानं, म्हाताऱ्या गाव्रिलानं, आयुष्यभर तो राखला होता. त्या संध्याकाळीही त्यानंच लावली. सावेता गोठ्यातून आली तो काय, पाळण्यात इरिना निपचित पडलेली आणि म्हातारा बाकावर कलंडलेला! दोघांना तिनं ओढत अंगणात, बर्फात आणलं. पोरीनं श्वास घेतला, रडली, तेव्हा कुठे सावेताच्या जिवात जीव आला.

"कुणी लावली झडप?" तोदेर ओरडला होता. "ज्यानं लावली तो या छपराखाली राहणार नाही!"

शुद्धीवर येणाऱ्या सासऱ्याकडे तिनं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पडदा उतरत चाललाय हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. भरलेला पेला त्याच्या हाताशी सरकवणारी, उंबरठा आला की "जपून" म्हणणारी तीच होती. हे तोदेरला कळतं तर म्हाताऱ्याची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात झाली असती. आणि तिचा नवरा जंगलात ओंडक्याखाली गेला तेव्हा, "हिला कुठे पाठवू? ही माझी लेक आहे," असं साऱ्या गावासमोर म्हणणारा हाच म्हातारा होता...

"मी," ती म्हणाली होती. "मामंजींनी लावली ती बरोबर होती. मीच पुन्हा उघडून लाकूड घातलं आणि घाईनं लावली."

सगळ्यांनी ते खरं मानलं, म्हाताऱ्यानंही! वर्षाची कामं उरकेपर्यंत तिला ठेवून घेतलं, एवढंच. त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिनं पुढ्यात ठेवलेला मक्याच्या पिठाचा मामालिगा तो मुकाट्यानं खायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा. तरी उरलेला हिवाळाभर, त्यानं झडप लावली आणि पाठ फिरवली की ती हळूच उघडायची आणि निखाऱ्यांची राख होईपर्यंत चुलीपाशी बसून राहायची.

आता ती गेल्यावर कोण बसणार होतं? गप्प राहावं तर सगळं घर झोपेत जाईल. बोलावं तर म्हातारा परक्या भिंतींमध्ये झुरून मरेल. सावेताला दोन्हीकडून मरण दिसत होतं, आणि मेरी मातेच्या तसबिरीपुढे कितीही गुडघे टेकले तरी तिसरी वाट दिसत नव्हती.

संत दुमित्रूचा दिवस उजाडला तोच बर्फ घेऊन. ओलं लिंपण तडकू नये म्हणून सावेतानं बारीक काटक्यांचा जाळ केला, मग बीचच्या झाडाची चार लाकडं टाकली. दुपारपर्यंत खाली लालभडक निखारे झाले. बाकावर इरिना झोपली होती. बाहेर तोदेर गाडीत गाठोडं ठेवत होता. खांद्यावर शाल घेऊन सावेता उंबरठ्यापाशी आली आणि वळली.

म्हातारा उठला होता. त्याचा हात झडपेकडे चालला होता.

"मामंजी, थांबा. अजून निळं आहे."

"तू मला शिकवणार?" वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला. "पोरीचा जीव घ्यायला निघालेली तू? बघितलंय मी. निळं काही नाही."

लिव्हिया चुलीच्या तोंडासमोरच बसली होती. तिनं आत पाहिलं. निखाऱ्यांवर निळ्या ज्योती नुसत्या नाचत होत्या.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "आहेत की... सगळीकडे निळ्याच आहेत."

म्हाताऱ्याचा हात हवेतच राहिला. दारात तोदेर आला होता.

"बाबा, माझ्या अंगावरचा सदरा कोणत्या रंगाचा आहे?" तोदेरनं विचारलं.

म्हाताऱ्याची मान खाली गेली. मग तो चाचपडत सावेताच्या दिशेनं वळला. "म्हणजे त्या दिवशी... ते मीच केलं होतं?"

सावेतानं शालीचा पदर तोंडात कोंबला. तेवढंच उत्तर पुरे झालं. लिव्हिया "जाऊबाई, मी तुम्हाला काय काय बोलले..." म्हणत हुंदके देऊ लागली.

म्हातारा मात्र रडला नाही. भिंतीला हात लावत तो बाहेर गेला, बर्फातून गाडीपर्यंत पोचला आणि सावेताच्या गाठोड्याशेजारी चढून बसला.

"तूच म्हणाला होतास, तोदेर. ज्यानं लावली तो या छपराखाली राहणार नाही. चल, हाक घोडा."

"बाबा, खाली उतरा हो..." तोदेरनं घोड्याचा लगाम धरला.

सावेता मागोमाग धावत गेली. तिनं गाडीची कड धरली, आणि वर्षभर गिळलेलं सगळं तिच्या तोंडून एकदम बाहेर आलं.

"एक वर्ष तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मामंजी. गावानं तोंड फिरवलं ते सोसलं. तुमचं नाही सोसवलं. आता शिक्षा घ्यायला निघालात? मग माझ्या हातची घ्या. आत चला आणि बोला माझ्याशी."

म्हाताऱ्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तोदेरनं गाठोडं उचललं ते बापाच्या आधी आत नेऊन ठेवलं.

चुलीपाशी सावेता आणि म्हातारा शेजारी बसले. लिव्हियानं झोपलेली पोर उचलून सावेताच्या मांडीवर दिली.

"आहे का गं अजून?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"एकच उरलीय, कोपऱ्यात."

तो तिच्याशी बोलत राहिला, दुधाच्या गाईविषयी, खारवलेल्या कोबीविषयी, मेलेल्या मुलाविषयी. मग सावेतानं त्याचा हात धरून झडपेपर्यंत नेला.

"विझली, मामंजी. लावा आता."