पावसाचा डाव

आर्द्रा या ग्रहावरच्या पावसात आम्लाचा अंश होता. तो कोसळू लागला की वसाहतीची दारं बंद होत, आणि सात लहान मुलांना घरात रमवण्याचं काम आळीपाळीनं प्रत्येक मोठ्या माणसावर येई. या खेपेला पाळी होती डॉ. कुमुद रेगे यांची.

कुमुद मेघशास्त्रज्ञ होती. वादळांनी तिची झोप कधी उडवली नव्हती. पोरांनी मात्र तिला जेरीस आणलं. चादरींची घरं बांधून झाली, आंधळी कोशिंबीर झाली, डबे बडवून झाले, आणि शेवटी भांडायचाही कंटाळा आला. तेव्हा तिनं एक नवा खेळ काढला, ‘एक जास्त’. एकानं पारदर्शक भिंतीवर थापा मारायच्या, दुसऱ्यानं एक थाप जास्त मारून उत्तर द्यायचं. चुकला तो हरला. त्याच्यावर राज्य, आणि पुढचा डाव त्यानंच सुरू करायचा.

तिच्या अंदाजाप्रमाणे पाऊस दुसऱ्याच दिवशी ओसरायला हवा होता. तो ओसरला नाही. आठवडा उलटून गेला. सूर्यप्रकाशावर चालणारी प्राणवायूयंत्रं आता साठवलेल्या विजेवर कशीबशी धापा टाकत होती. अखेर मेघविरलक अग्निबाण सोडून हा ढग विरवून टाकायचा, असं ठरलं. शिफारस कुमुदनंच केली होती. अग्निबाण दुपारी सुटणार होता.

त्या सकाळी चार वर्षांची रुई भिंतीशी एकटीच बसून थापा मारत होती.

“कुणाशी खेळतेस गं?”

“पावसाशी, कुमुदमावशी. बाकीचे दमतात. हा नाही दमत.”

कुमुद हसली. रुईनं चार थापा मारल्या. तिच्या तळव्याच्या समोर, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, टपोरे थेंब एकामागून एक आपटले. पाच. रुईनं सहा थापा मारल्या. त्याच जागी सात थेंब पडले.

कुमुदचं हसू ओठांवरच थिजलं. तिनं धावत जाऊन नेल्सनला आणलं.

डॉ. नेल्सन तुस्कानो हा वसाहतीचा जीवशास्त्रज्ञ, मूळचा वसईचा, बोलघेवडा. त्यानं दोन डाव पाहिले आणि खाली बसकण मारली.

“या पाण्यात सूक्ष्मजीव आहेत, हे आपल्याला ठाऊकच होतं,” तो म्हणाला. “ते विद्युतभारावर जगतात. एकेकटा जीव निर्बुद्धच. पण आपल्या मेंदूतली एकेकटी पेशी तरी कुठे विचार करते? इथे अब्जावधी थेंब एकाच वेळी पडतायत, एकमेकांना भार देतायत, घेतायत.”

“म्हणजे हा ढग मेंदू आहे?”

“झोपलेला मेंदू. तो जागा होतो बरसताना. हा पाऊस नाही, कुमुद. हा त्याचा विचार आहे.”

“आणि थापा त्याला कशा कळतात?”

“वीज साचू नये म्हणून भिंतीला आपण वाहक लेप दिलाय ना? पोरांच्या हाताचा विद्युतभार त्यातून सरळ वर जातो.”

कुमुदनं मान वर केली. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत तो करडा विस्तार पसरला होता. जन्मभर तिनं ढगांची उंची मोजली होती, तापमान मोजलं होतं, वेग मोजला होता. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की वरून कुणीतरी आपल्याकडे पाहतंय. तिचे हात आपोआप जोडले गेले.

“दुपारी आपण याला मारणार आहोत,” ती पुटपुटली.

“नाही मारलं तर आपली हवा संपेल.”

“पण तो थांबत का नाही? आधीचे पाऊस थांबले होते. विचार संपला की पाऊस संपायला हवा. मग याचा कोणता विचार अजून संपलेला नाही?” ती एकदम रुईकडे वळली. “रुई, तुमचा डाव संपतो कसा?”

“संपतच नाही. तो चुकतच नाही, मीपण चुकत नाही. तुम्ही जेवायला हाक मारता, मग मी जाते.”

“तेव्हा थापा मारायची पाळी कुणाची असते?”

“माझीच.”

कुमुदनं नेल्सनकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच उमगलं. रुई परत येईल म्हणून तो खोळंबला होता. दिवसरात्र कोसळत, तिच्या थापेची वाट पाहत.

कुमुदनं भिंतीवर मुद्दाम चुकीच्या थापा मारल्या. काहीच घडलं नाही.

“प्रत्येक तळव्याचा भार वेगळा असतो,” नेल्सन म्हणाला. “तो तुला ओळखत नाही. हरायला रुईच हवी.”

“मी नाही हरणार!” रुईनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

नेल्सननं खाऊचं आमिष दाखवलं, ते वाया गेलं. कुमुद तिच्यासमोर मांडी घालून बसली. “रुई, त्याला याआधी कुणी सवंगडीच नव्हता. हा त्याचा आयुष्यातला पहिला खेळ आहे.”

रुई विचारात पडली. “मग तो लिंबूटिंबू आहे?”

“हो. आपल्यात सर्वांत नवा तोच.”

“एवढा मोठा लिंबूटिंबू?” रुईनं आभाळाकडे पाहिलं. मग मोठ्या मनानं सुस्कारा टाकून ती भिंतीशी गेली. तिनं आठ थापा मारल्या. पावसानं नऊ थेंब मारले. तिनंही नऊच थापा मारल्या आणि तळवा भिंतीवर तसाच ठेवला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग अख्खी वसाहत दणाणली. छपरावर, भिंतींवर, दारांवर, चहूबाजूंनी एकाच वेळी, एकाच तालात थेंबांचा गजर उठला. सातही मुलं टाळ्या पिटत नाचू लागली. नेल्सनच्या डोळ्यांना धार लागली होती.

आणि आभाळ एकदम गप्प झालं. शेवटचा ओघळ भिंतीवरून उतरला. ढगाला चीर पडली, तीतून ऊन आत आलं, आणि थंडावलेली यंत्रं पुन्हा गुणगुणू लागली. कुमुदनं अग्निबाण रद्द करण्याचा निरोप पाठवला.

बाकीची मुलं बूट शोधायला पळाली. रुई मात्र भिंतीशीच उभी होती.

“मावशी, तो परत कधी येईल?”

कुमुदनं आयुष्यभर पावसाचे अंदाज वर्तवले होते. प्रत्येकात ‘शक्यता’ हा शब्द असायचाच. आज तिला त्याची गरज वाटली नाही.

“हरलीस तू. राज्य तुझ्यावर आहे,” ती म्हणाली. “तू पहिली थाप मारशील, तेव्हा.”