हिरव्या डागामागे उभा आंबा

मंगळावरच्या काचघुमटात शाल्मलीने दगडगोट्यांत लावलेलं आंब्याचं रोप आठवडाभरात माना टाकून मेलं. पाणी होतं, ऊन होतं, हवाही होती. मग मेलं कशाने? आता कुंडीत शेवटचं एकच रोप उरलं होतं. तेही गेलं तर मंगळावर आंबा नाही, या विचाराने ती कुंडी उचलून आत्याकडे धावली.

“आत्या, आज हे लावू या ना! दगड मी अगदी लख्ख पुसलेत.”

मंदाआत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. तिने कपाळाला हात लावला. “हिरवं काही होतं का गं त्यांच्यावर?”

“रोज येतं मेलं. मी रोज पुसते.”

बिचारीचा काय दोष? ती जन्मली यानात. तिथे नळ्यांवर हिरवा थर धरला की पाणी तुंबायचं. म्हणून सकाळची घंटा झाली की यानातली सगळी पोरं फडकी घेऊन पुसायला धावत. ती सवय घुमटातही सुटली नव्हती.

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!” आत्या हसली. “पड इथे. पृथ्वीने काय केलं ते बघ.”

दोघी दगडावर आडव्या झाल्या. आत्याने घुमटात धुकं सोडलं आणि धुक्यावर चित्रं तरंगू लागली. कोट्यवधी वर्षं अलगद सरत होती.

आधी पाण्यात हिरवे धागे डोलले. “हे शैवाल. याला मूळ, खोड, पान असं वेगळं काही नसतं.” मग ओल्या खडकावर मऊ मखमल पसरली. “ही हरिता, म्हणजे मॉस. खरी मुळं नाहीत, नुसते धरून ठेवणारे तंतू. पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत, म्हणून बुटकी. पण ती मरते, कुजते, खडकाच्या भुग्यात मिसळते...”

“आणि माती होते!” शाल्मली कुजबुजली.

त्या मातीतून नेचे उलगडले. त्यांना मुळं, खोड, पानं सगळं होतं, नळ्याही होत्या. पण बी नव्हतं, पानांमागे नुसते बीजाणू (धुळीएवढे कण, ज्यांतून पुढची पिढी उगवते). मागून देवदार आले. त्यांचं बी शंकूच्या खवल्यांवर उघडंच, म्हणून ते अनावृत्तबीजी. सगळ्यांत शेवटी फुलं उमलली आणि बी फळात दडलं. “हे आवृत्तबीजी. मक्याच्या दाण्यात एक बीजपत्र (बीमधलं पहिलं पान), आंब्याच्या कोयीत दोन.”

शाल्मलीचे डोळे भरून आले. “म्हणजे मी रोज मातीच पुसून टाकत होते? आता माझा आंबा?”

“आंबा शेवटच्या पंगतीचा पाहुणा गं. यानातली थोडी माती उरलीय, त्याला मोठी कुंडी देऊ. कुंडीबाहेर लावेपर्यंत मात्र तू आजी होशील कदाचित.”

“होईन की!” शाल्मली डोळे पुसत म्हणाली.

सकाळी घंटा झाली. सवयीने हात फडक्याकडे गेला. समोरच्या दगडावर टिकलीएवढा हिरवा डाग होता. शाल्मलीने फडकं पाण्यात बुडवलं आणि त्या डागावर हळूच पिळलं.

“ये, सावकाश ये,” ती म्हणाली. “आंबा थांबलाय.”