सुरभीचा आवाज काढला त्या दुपारी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रुचिका माझी सख्खी मावसबहीण आहे आणि हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

गेल्या एप्रिलमधला रविवार. भर दुपार. वर्ध्याला लागून पिपरी मेघेत शेतीपंपांच्या तक्रारी घेणारं एक कॉल सेंटर आहे. रविवारी सुट्टी, म्हणून सॉफ्टवेअरचं अपडेट त्याच दिवशी करायचं ठरलं. ऑफिसात दोघंच. रुचिका आणि तिच्यासोबत काम करणारा धीरज.

फोन लावला की सुरुवातीला बाईचा जो आवाज येतो, तो बदलायचा होता.

तो आवाज सुरभीचा होता.

सुरभी तिथेच नोकरीला होती. त्याआधीच्या दिवाळीत तिच्या नवऱ्यानं, धनंजयनं, सेलूच्या घरात तिला कुदळीच्या दांड्यानं ठेचून मारलं. आता जामिनावर सुटून तो त्याच घरात राहत होता. इकडे सुरभी रोज लोकांना सांगतच होती, "नमस्कार. थोडं थांबा, मी ऐकते आहे."

धीरजनं नवा आवाज टाकला. जुन्या फाइली पुसल्या. रुचिकानं हेडफोन लावून कॉल करून पाहिला.

"नमस्कार. थोडं थांबा..."

सुरभीच!

"जुनी फाइल राह्यली असन कुठं. बग आहे," धीरज म्हणाला. त्यानं पुन्हा सगळं पुसलं.

पुन्हा कॉल.

या वेळी शब्द नव्हते... नुसत्या धापा.

मग रिंग वाजू लागली. सिस्टिम आपणहून कोणाला तरी फोन लावत होती.

"हॅलो? कोण बोलून राह्यलं?"

सुरभीला घ्यायला ऑफिसात यायचा तो; रुचिकानं आवाज ओळखला. धनंजय!

"ओळखलं नाई का?" सुरभी म्हणाली.

"तू... तू तं मेली!"

"तूनंच मारलं ना मले."

थाड!

वाळली तुराटी मोडावी तसं काहीतरी मोडलं.

"हात मोडला माहा! माय वं... नको मारू!"

थाड. थाड.

"धीरज, बंद कर!" रुचिका किंचाळली. धीरजनं मशीनची वायरच उपटली. सगळे दिवे विझले.

हेडफोनमध्ये फटके पडतच होते...

तिनं मोबाइलवरून पोलिसांना फोन लावला. "सेलूले, सुरभीच्या घरी लवकर जा, धनंजयले मारून राह्यले!"

पोलिसांनी दार फोडलं. कडी आतून होती. खिडक्यांना गज. धनंजय स्वयंपाकघरात पडला होता. दोन्ही हात कोपरातून उलटे वळलेले, जबडा एका बाजूला लोंबत होता. जीव होता अजून. दवाखान्याच्या वाटेवर तोही गेला.

घरात दुसरं कोणीच नव्हतं.

धीरज आजही बगच म्हणतो. रुचिकानं नोकरी सोडली.

परवा मी तिला विचारलं, "फटके थांबल्यावर काही ऐकू आलं का गं?"



"माह्यं नाव घेतलं तिनं. म्हणे, रुचिका, पोलिसांले काऊन बोलावलं?"

"रागात होती?"

"नाई," रुचिका म्हणाली. "गोडच बोलली."