निरंक

मी मंचरच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. २००५ च्या फेब्रुवारीत पवनचक्क्यांच्या कंपनीनं मला जीपमधून कळंबच्या वरच्या पठारावर नेलं. पठार रिकामं होतं. असणारच. त्या दिवसांत मेंढरं खाली कांदा काढलेल्या रानांत खतासाठी बसवलेली असतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण साहेबांना घाई होती. पाहणीच्या कागदावर 'चरणारी जनावरे' या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं, म्हणजे काही नाही. खाली 'मेंढपाळ' होतं, तिथंही तेच. आणि सही ठोकली. त्या सहीची मला आजही चीड येते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये लस घेऊन गेलो, तेव्हा वर बारा पंखे फिरत होते. निम्मं गवत रस्त्यांनी खाल्लं होतं, उरलेल्याला तारेचं कुंपण. बाहेरच्या चिंचोळ्या पट्ट्यात मेंढपाळ लंकाबाई साठ मेंढरं घेऊन उभी होती.

"आज्यापासनं हितं चारतोय आमी," ती म्हणाली. "आन आता म्हनं, कागदावर हितं मेंढरूच न्हाई. कोन मेला लिवून गेला?"

मी मान खाली घालून सिरिंज भरली.

भर दुपार होती. एकेक मेंढी गुडघ्यांत धरून टोचली. लोकर ओलसर लागत होती, वास येत होता. साठावी सोडली आणि बाटली पाहिली. शंभर मात्रांची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

सिरिंज तपासली. चांगली होती.

मग जमीन पाहिली. मेंढरं सकाळपासून तिथंच चरत होती, तरी गवत घोट्याएवढं उभं होतं. एक लेंडी नव्हती. चिखलात फक्त माझ्या बुटांचे ठसे होते.

मी खाली बसलो. थर्मासच्या झाकणात लंकाबाईला चहा ओतून दिला आणि सांगून टाकलं, "ते मीच लिहिलंय, बाई."

तिनं झाकण दोन्ही हातांत धरलं.

"आन मानसांचं काय लिवलंय त्यात, भाऊ?"

"उद्याच खोडून देतो," मी म्हणालो.

"खोडा. लवकर खोडा."

तिनं फुंकून फुंकून चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि झाकण माझ्या हातात दिलं.

ते काठोकाठ भरलेलं होतं.