दोघांचा मिळून एक पाय

अंकलीच्या पुलावर चढताना गाडीनं पुन्हा गचका दिला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जावं की नाही, यावर ती घुटमळली, गेली, परत आली आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी पुढे सरकली.

"पाय हलका ठेव," शेजारी बसलेले सुकुमार म्हणाले. "पापडावर ठेवल्यासारखा."

"काल तुम्ही चालवत होता तेव्हाही असंच झालं की."

"काल गाडीची चूक होती."

पद्मजाच्या हातून गाडी गचकली की दोष तिच्या पायाचा आणि त्यांच्या हातून गचकली की दोष कंपनीचा, हा मगदूमांच्या घरचा कायदा होता. तिनं तो बदलायचा प्रयत्न कधीच सोडून दिला होता. आज त्याचाच निकाल लावायला दोघं जयसिंगपूरहून सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला निघाले होते.

गाडी ऑटोमॅटिक होती, पण जुन्या ऑटोमॅटिकसारखी मुकाट नव्हे. तिच्या गिअरबॉक्सला पाय वाचता यायचा. अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्हींखाली बसवलेली एक पातळ तबकडी तळव्याचा दाब क्षणोक्षणी टिपायची. चालवणारा माणूस घाईचा आहे की सावध, चढावर बिचकतो की गाडी दामटतो, हे गिअरबॉक्स हळूहळू शिकायचा आणि त्या माणसाच्या स्वभावाप्रमाणे गिअर बदलायला लागायचा. कंपनी याला पायओळख म्हणायची.

या पायओळखीनं वॉरंटीची भांडणंही मिटवली होती. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं माल खराब आणि कंपनी म्हणायची वापर खराब. आता बिघाड कशामुळे झाला ते गिअरबॉक्स स्वतःच सांगायचा, आणि दावा तिथल्या तिथे मंजूर किंवा नामंजूर व्हायचा. घरच्याच माणसानं साक्ष दिल्यावर वकील तरी काय करणार?

सुकुमारांना मात्र कसलीच धाकधूक नव्हती. त्यांनी उभा जन्म जयसिंगपुरात मोटारपंप विकले होते. जळालेली मोटार घेऊन कुणी दुकानात आलं, की ती उघडायच्या आधीच ते विचारत, "कोरडी चालवलीस ना?" निम्मे लोक ओशाळून कबूल करून टाकत. त्यामुळे दावा कसा नाकारायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आपला दावा कुणी नाकारेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमधल्या तनुजा नावाच्या मुलीनं गाडीला वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा थोडा उतरला.

"नामंजूर आलंय, काका. कारण चालकजन्य, वर्ग सात."

"आलं का आमच्यावर! घाटात न्यूट्रलवर सोडली म्हणत असशील. कधी सोडली नाही. वॉरंटी कशी टाळतात ते मला नको शिकवू, बाळ. मी त्याच शाळेत होतो."

"तसं नाही, काका. वर्ग सात म्हणजे गाडी चुकीची चालवली असं नाही." तिनं पद्मजाकडे पाहिलं. "काकू, पायओळखीचं खातं तुमच्या नावावर आहे. पुढचं मला फक्त तुम्हालाच सांगता येईल."

"सांग की. हे काय परके आहेत?"

तनुजानं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर एक आडवी रेघ होती, आणि त्या रेघेला करवतीसारखे बारीक दाते होते.

"सिग्नलला गाडी उभी असताना पाय नुसता टेकलेला असतो. तेव्हा ही रेघ सरळ पाहिजे. तुमची कधी कधी तशी येते, कधी कधी अशी दातेरी येते."

"रस्तेच तसले आहेत," सुकुमार म्हणाले.

"गाडी उभी आहे, काका."

तनुजा हळू आवाजात सांगू लागली. हा पायाचा कंप आहे, इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा पाय त्यालाही जाणवत नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला आणि वाढतोय. गिअरबॉक्सला वाटतं, पाय काहीतरी सांगतोय. म्हणून तो गिअर टाकतो, काढतो, परत टाकतो. त्यातच क्लचच्या चकत्या झिजल्या.

"कशाचा कंप?" पद्मजानं विचारलं.

"ते मी सांगायचं नसतं, काकू. डॉक्टरांना दाखवा." मग इकडेतिकडे बघून ती म्हणाली, "माझ्या मामांचाही गाडीतच कळला होता. कंपवात निघाला."

पद्मजाच्या मनात पहिला विचार आला तो असा: देवा, माझा नसू दे. आणि तो विचार पुरता व्हायच्या आत तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिला बघवेना. तिचा नसू दे म्हणजे कुणाचा असू दे, हे उघडच होतं.

"कुणाचा आहे पण?" सुकुमार म्हणाले. "गाडी दोघंही चालवतो आम्ही."

"तुम्ही खाती वेगळी केली नव्हती का?"

नव्हती केली. गाडी घरी आणायच्या दिवशी शोरूमवाल्यांनी विचारलं होतं, प्रत्येक चालकाचं वेगळं खातं उघडायचं ना म्हणून. नारळ फोडायचा होता, चाकाखाली लिंबं ठेवून झाली होती, मुहूर्त टळत होता. गाडी पद्मजाच्या नावावर घेतली होती, कारण बायकोच्या नावावर घेतलेली वस्तू लाभते असं सुकुमारांचं मत. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "घरात विजेचं एक, गॅसचं एक, टीव्हीचं एक. पायाचं तेवढं वेगळं कशाला? आमच्यात तुझं-माझं नाही!" शोरूममधल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि पद्मजालाही तेव्हा बरं वाटलं होतं.

"मग गिअरबॉक्सनं तुम्हा दोघांचा मिळून एकच पाय केलाय," तनुजा म्हणाली. "आमटीत विरघळलेला गूळ कसा परत काढायचा? कंप कुणाचा, ते यातून निघत नाही."

एक उपाय मात्र होता. दोघांची नावं आणि फोन नोंदवून गाडीत नवी आज्ञावली घालायची. मग दोघं नेहमीसारखी गाडी चालवत राहिली, की काही आठवड्यांत ती दोन पाय आपोआप वेगळे काढेल. ज्याचा पाय निर्दोष निघेल त्याच्या नावावर खातं होईल, दुसऱ्यानं ती गाडी पुन्हा चालवायची नाही, आणि या अटीवर गिअरबॉक्स वॉरंटीत बदलून मिळेल.

"बदलून मिळेल ना? मग घाला," सुकुमार म्हणाले.

"अहो, थांबा जरा..."

"थांबायचं काय त्यात? आपल्या हक्काचं आहे."

तनुजानं अंगठ्यासाठी काच पुढे केली. खातं पद्मजाचं, म्हणून अंगठाही तिचाच लागणार होता. चारचौघांत नवऱ्याशी वाद घालायचा नाही, ही तिची जन्माची सवय. तिनं अंगठा ठेवला.

परत येताना सुकुमार चालवत होते. पूल ओलांडल्यावर त्यांनी एका रसवंतीपाशी गाडी एकदम कडेला घेतली. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि नजर समोरच्या चरकावर.

"पद्मा," ते म्हणाले, "म्हणजे आपल्यातल्या एकाला तो आजार आहे."

"हो."

"आणि मी ते शोधायला सांगून आलो."

रसवाल्यानं दोन बोटं वर करून "दोन का?" असं विचारलं. थोडी वाट पाहून तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

डॉक्टर नेर्लेकरांनी दोघांना चालवलं, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं, टाच टेकवून पाऊल आपटायला लावलं. मग खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "दोघंही ठणठणीत आहात. गाडीला जे दिसतं ते मला दिसायला अजून दोन-तीन वर्षं जावी लागतील."

"मग औषध सुरू करायचं का?" पद्मजानं विचारलं.

"कुणाला देऊ?"

मग डॉक्टरच म्हणाले, की नाव कळलं तरी आजार थांबवणारं औषध अजून निघालेलं नाही. त्रास सुरू झाला की तो कमी करणारी औषधं आहेत. तोवर चालत राहायचं, हसत राहायचं. हसत राहायचं हे ते अगदी मनापासून म्हणाले, आणि त्याचाच पद्मजाला जास्त राग आला.

तिनं तनुजाला फोन करून आज्ञावली काढून टाकायला सांगितलं. दावा नोंदवला गेला की ती काढता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग गाडी शेडमध्ये उभी राहिली. दोघं एसटीनं जाऊ-येऊ लागली आणि एसटी किती बरी असते हे एकमेकांना पटवत राहिली.

पण निपाणीला सुकुमारांची थोरली बहीण, सुनंदाक्का, न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला दुसरं कुणी नव्हतं. दवाखाना, पट्टे, डबे, औषधं, हे सगळं एसटीनं कुठवर नेणार? गाडी पुन्हा बाहेर निघाली. जाताना एकानं चालवायची, येताना दुसऱ्यानं. गाडी दोघांच्याही हाती गचकायची, आणि आता कुणीच कुणाला काही म्हणत नव्हतं. पाय हलका ठेव, असं त्यांनी एकदा तरी म्हणावं, म्हणून पद्मजा कासावीस व्हायची.

ती त्यांच्यावर नजर ठेवू लागली. बशी ओठाला लावताना चहा हिंदकळतो का, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का, सही आखडलीये का. शोधलं की सापडतंच. एका सकाळी त्यांच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं आणि तिची खात्री पटली. तिनं बशा माळ्यावर टाकल्या, कानाचे मोठे कप आणले. न्हाणीघरात खरखरीत चटई अंथरली. त्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं ती जाता जाता लावून द्यायला लागली.

"मी काय बाळ आहे का?" ते चिडायचे.

"असू द्या की."

खरं सांगायचं तर त्या खात्रीनं तिला सावरलं होतं. पुढची वर्षं तिनं मनातल्या मनात लावून ठेवली होती: ते खिडकीपाशी खुर्चीत बसलेले, ती त्यांना भरवतेय, फिरवून आणतेय, बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला गाडीतून नेतेय. दुःख होतं, पण त्या दुःखात तिला काम होतं. आपण धीराच्या आहोत, असं तिला वाटायला लागलं होतं. तो पहिला, लाजिरवाणा विचारही आता तिला सारखा टोचत नव्हता.

त्या दिवशी निपाणीहून निघायला दुपार झाली. परतीची पाळी पद्मजाची. अक्काच्या गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून पुढच्या फेरीसाठी त्या घ्यायला सुकुमार समोरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि ती गाडी चालू करून बसून राहिली. तेवढ्यात गाडीतला पडदा उजळला.

विभाजन पूर्ण झालंय, असं त्यावर लिहिलं होतं. खाली दोन रेघा होत्या. एक विहिरीतल्या पाण्यासारखी सपाट, तिच्याखाली नाव सुकुमार मगदूम. दुसरी दातेरी, तिच्याखाली पद्मजा मगदूम.

तिनं नावं पुन्हा वाचली. यंत्राची उलटापालट झाली असेल, असं मनाशी म्हणून पाहिलं. मग तिनं खाली वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. नेहमीची चप्पल, नेहमीचं जोडवं, पाऊल ब्रेकवर अगदी स्थिर. तिनं गुडघ्यावर हात दाबून धरला. काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

खुर्ची तीच होती, खिडकी तीच होती. फक्त त्या खुर्चीत ते नव्हते. आणि तिला भरवणारा माणूस कोण, तर ज्यांना साधा वरणभात लावता येत नाही ते सुकुमार. तिला त्यांची इतकी दया आली, की स्वतःसाठी रडायचं राहूनच गेलं.

ते रस्ता ओलांडून येत होते. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि चालणं जवळजवळ पळण्यासारखं. कितीतरी आठवड्यांत तिनं त्यांचा चेहरा असा फुललेला पाहिला नव्हता. चष्मा नेहमीसारखा गळ्यातल्या दोरीला लोंबकळत होता, म्हणजे फोनवर मोठ्या अक्षरातलं तेवढंच त्यांनी वाचलं असणार.

त्यांनी पलीकडचं दार उघडलं, धपकन आत बसले आणि फोन तिच्यासमोर नाचवला.

"बघ! म्हटलं नव्हतं तुला? दावा मंजूर! नवा कोरा गिअरबॉक्स, एक पैसा न घेता! अगं, वॉरंटी म्हणजे वॉरंटी, ती अशी वसूल करावी लागते!"

पद्मजानं हात लांब करून पडदा झाकला. ते अजून हसतच होते. हसता हसता त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली, पट्टा ओढून घेतला, आणि मग मध्येच थबकून तिच्याकडे पाहिलं.

"पण एकाएकी मंजूर कसा काय केला गं त्यांनी?"