घरोघरची गोधडी

"साहेब, आमची गोधडी चोरीले गेली."

बुलढाण्यात खासगी तपास करणाऱ्या प्रेमानंदनं डोळे न उघडताच विचारलं, "एवढ्या उन्हात?"

त्याचा मदतनीस गोविंदा हसला.

"पांघरायची नाही ती," बारावीतली वैष्णवी म्हणाली. ती धाडजवळच्या गावातून मिळेल त्या जीपनं आली होती. कुणा पोरानं शाळेच्या संगणकावर वाईट चित्रं पाहिली, म्हणून मुख्याध्यापकांनी इंटरनेटच बंद केलं. पोरांकडे फोन होते; पोरींना तेवढीच खिडकी. मग पोरी दारोदार फिरल्या. नेट सुरू व्हावं असं वाटणाऱ्या घरानं जुन्या कापडाचा तुकडा द्यायचा. त्या तुकड्यांची गोधडी आज दुपारी शाळा समितीपुढे अंथरायची होती.

"मले नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करायचा हाय. नेट नसलं तं बाबा म्हणते, लग्नच करून टाकू."

प्रेमानंद उठला. गुडघे कुरकुरले.

गावातल्या शाळेत मुख्याध्यापक चंद्रशेखर सर वैतागलेले होते. "काल माझ्या कपाटात ठेवली, आज सकाळी कपाट रिकामं. किल्ली माझ्याकडे आणि समितीचे अध्यक्ष पुंजाजींकडे. मी कशाला चोरू? समितीत मी 'नाही' म्हटलं की संपलं! नेटवरून तक्रार आली की नाव माझंच निघतं."

पुंजाजी घरीच होते. "त्या चिंध्यायले मी काऊन हात लावू? पाह्यलीबी नाही. कोणाचं लुगडं, कोणाचं धोतर, मधात गुलाबी ठिगळ! याले का मत म्हणतेत?"

पाणी देऊन त्यांची बायको रुखमाबाई ओसरीत आली. हळूच म्हणाली, "यायच्या लग्नाच्या गुलाबी फेट्याचा तुकडा म्या काल शाळेतच लावला. वैष्णवीनं लगेच कपाटात ठेवली. यायले सांगतलं नाही."

आत पेटीवर अंथरुणांची चळत होती. सगळ्यांच्या बंद घड्या बाहेर, सुटे काठ भिंतीकडे. खालून दुसरीचे तेवढे काठ बाहेर लोंबत होते.

"बाईच," गोविंदा कुजबुजला. "किल्ली घरात, मनात नवऱ्याचं भेव."

"बाईनं नेली असती तर सापडली नसती," प्रेमानंद थकल्या आवाजात म्हणाला. त्यानं सगळ्यांना आत बोलावलं.

"पुंजाजीभाऊ, गोधडी पाहिलीच नाही, मग मधलं गुलाबी ठिगळ कसं दिसलं? ते काल शाळेत लागलं आणि लगेच गोधडी कपाटात बंद झाली. सरांना चोरायची गरजच नव्हती; नकार त्यांच्या हातात होता. राहिली या घरातली किल्ली. रुखमाबाई रोज अंथरुणं रचतात, बंद घडी बाहेर ठेवून. ही एक उलटी ठेवली ती जन्मात अंथरूण न उचललेल्या हातानं."

गोविंदानं ती ओढली. मधोमध गुलाबी चौकोन फुलला.

पुंजाजी खाली बसले. "मी विरोधात बोलन, अन् मधात माझाच फेटा? लोक हसले असते ना!"

"हसू द्या." रुखमाबाईनं गोधडी काखेत मारली. "मले बोलता येत नाही. अंथरता तं येते."

समितीत पुंजाजी विरोधात बोलले नाहीत. चंद्रशेखर सरांनी एकेका घराचं ठिगळ मोजलं. मग म्हणाले, "नेट शाळा सुटल्यावर तासभर. शिक्षिका समोर बसल्या तरच."

वैष्णवी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली.

"काऊन रडतं वं पोरी? जिंकली ना!" गोविंदा म्हणाला.

"रडत नाही हो दादा. थकली." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "अन् आता अभ्यासबी करावा लागन."